यूव्हीखालून वाचलेल्या गुलाबी कॉलनी: हा मिथेनॉलखाऊ जिवाणू खरंच किरणोत्सर्ग पचवतो का?

पेट्रीवाली

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, शेवटचं सत्र. प्रकल्प आहे मातीतून अतिनील किरणांना दाद न देणारे जिवाणू वेगळे काढण्याचा. विषय मीच हौसेनं मागून घेतला होता, आता निस्तरतेय.

केलं ते असं. एक ग्रॅम माती पाण्यात घोळवली, गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी उघड्या प्लेटमध्ये घेऊन लॅमिनारमधल्या (गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटातल्या) यूव्ही दिव्याखाली (२५४ नॅनोमीटर) ठेवलं. ०, ५, १०, २० आणि ३० मिनिटांनी थोडं थोडं उचललं, दहा-दहा पटीनं पातळ केलं आणि न्यूट्रियंट अगरवर पसरवलं. ० मिनिटांची प्लेट दुसऱ्या दिवशी गच्च. ५ आणि १० वर बरीच कमी. २० आणि ३० मिनिटांच्या प्लेट दोन दिवस कोऱ्या होत्या, त्यामुळे मी त्या फेकणारच होते. पण आळस आडवा आला आणि त्या इनक्युबेटरमध्ये तशाच राहिल्या. सहाव्या दिवशी बघते तर दोन्हींवर टाचणीच्या डोक्याएवढ्या गुलाबी कॉलनी! काढून, स्ट्रीक करून, शुद्ध केल्या. जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या १६ एस जनुकाचा क्रम काढून आणला. उत्तर आलं: मिथायलोबॅक्टेरियम रेडिओटॉलरन्स, ९९.६ टक्के जुळणी.

नाव वाचून मी लॅबमध्ये जवळजवळ नाचले. मग वाचलं की हे मिथेनॉलवर जगतात, म्हणून नुसत्या क्षारांच्या माध्यमात अर्धा टक्का मिथेनॉल घालून लावून बघितलं. आले. पण मिथेनॉल न घातलेल्या प्लेटवरही बारीक बारीक काहीतरी आलंय, तिथे मी अडकले.

गाइडना दाखवलं तर म्हणाले, ‘‘छान, पुढे जा.’’ पुढे म्हणजे कुठे, ते विचारायची सोय नाही. म्हणून इथे विचारते. हा जिवाणू किरणोत्सर्गाचं करतो काय, खातो की नुसता सोसतो? ज्या मिथेनॉलनं माणूस आंधळा होतो ते याला कसं चालतं? आणि मुख्य म्हणजे, मला सापडलाय तो खरंच तोच आहे का?

लॅबमांजर

बाकीचं जाणकार सांगतील. माझा एकच प्रश्न: दिव्याखाली ठेवताना प्लेटचं झाकण काढलं होतं ना? पॉलिस्टायरीनचं झाकण २५४ ची किरणं जवळपास सगळी अडवतं, साधी काचही अडवते. आमच्या वर्गातल्या एकानं झाकणासकट अर्धा तास ठेवून ‘‘अतिप्रतिकारक’’ ई. कोलाय शोधून काढला होता. तीन आठवडे तो त्याच आनंदात होता.

पेट्रीवाली

झाकण काढलं होतं. (पहिल्या खेपेला नव्हतं. त्या खेपेबद्दल आपण बोलायला नको.)

जुना पिपेट

आयुष्याची एकतीस वर्षं प्रयोगशाळेत माध्यमं शिजवण्यात गेली, त्यामुळे लांबण लागेल. वाचणारे वाचतील.

नावापासून सुरुवात करू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. टॉलरन्स म्हणजे सोसणं. हा किरणं खात नाही, किरणांवर जगत नाही, त्यांच्यापासून ऊर्जाही मिळवत नाही. १९७१ साली जपानमध्ये इतो आणि इइझुका यांनी धान्यावरच्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करताना तांदळातून एक गुलाबी, किरणांना चिवट जिवाणू काढला. धान्य टिकावं म्हणून त्याला गॅमा किरणं द्यायचे प्रयोग तेव्हा चालू होते, आणि मारा झाल्यावरही मागे उरतं कोण, हा प्रश्न ओघानंच येतो. त्यांनी नाव ठेवलं स्यूडोमोनास रेडिओरा. पुढे १९८३ मध्ये ग्रीन आणि बाउसफील्ड यांनी त्याला मिथायलोबॅक्टेरियम या प्रजातीत (जीनसमध्ये) आणून बसवलं. ती प्रजातीही तेव्हा नवीच होती, १९७६ ची.

आता सोसणं म्हणजे किती, याचा अंदाज हवा. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. माणसाच्या सगळ्या अंगावर चार-पाच ग्रे एकदम पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. या क्षेत्रातला सगळ्यात दांडगा गडी डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांना तो किरणं देऊनही नासलेल्या डबाबंद मांसात मिळाला. तो ५,००० ग्रे जवळजवळ काहीही न गमावता सोसतो. गंमत अशी की ५,००० ग्रेमधली ऊर्जा तेवढ्याच पाण्याला दिली तर पाणी जेमतेम १.२ अंशानं तापेल. म्हणजे मारते ती उष्णता नव्हे. किरणं पेशीतलं पाणी फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल मूलकं सुटतात, ती डीएनए आणि प्रथिनं दोन्ही कुरतडतात. डीएनएची दोन्ही सुतं एकदम तुटली की ते जोडणं सगळ्यात जिकिरीचं. ५,००० ग्रेनंतर डायनोकॉकसच्या गुणसूत्राच्या शंभराच्या आसपास चिंध्या झालेल्या असतात आणि हा पठ्ठ्या काही तासांत त्या पुन्हा शिवून मोकळा होतो. तुमचा गुलाबी त्याच्या पंगतीत बसत नाही. साध्या जिवाणूंपेक्षा तो बराच चिवट आहे, पण डायनोकॉकसच्या बराच खाली.

मग पृथ्वीवर कुठेही नैसर्गिकरीत्या हजारो ग्रे पडत नसताना असली ताकद कुणाला आली कशी? मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात आवडतं उत्तर १९९६ चं आहे. मॅटिमोर आणि बॅटिस्टा यांनी डायनोकॉकसचे किरणांना कच्चे पडणारे ४१ उत्परिवर्तित वाण घेतले आणि सहा आठवडे सुकवून ठेवले. सगळेच्या सगळे वाण सुकवण्यालाही कच्चे निघाले. म्हणजे मूळ कसब आहे ते वाळून कोळ झाल्यावर पुन्हा जिवंत व्हायचं. पेशी सुकतानाही डीएनएचे असेच तुकडे पडतात. दुरुस्तीची हत्यारं उन्हात वाळण्यासाठी तयार झाली, किरणं सोसणं त्यातून फुकटात मिळालं. पुढे २००४ मध्ये डॅली आणि मंडळींनी आणखी एक दाखवलं: चिवट जिवाणूंमध्ये लोहाच्या मानानं मँगनीज जास्त असतं. ते प्रथिनांना वाचवतं, हे त्यांच्या नंतरच्या कामातून पुढे आलं. डीएनए तुटला तरी शिवणारे कारागीर शाबूत राहिले पाहिजेत, असा त्याचा अर्थ. तुमचा गुलाबी पानांवर, धुळीत, हवेत राहतो. दिवसा भाजणं आणि वाळणं, रात्री दंव, हे त्याचं रोजचं जगणं.

तुमची यूव्ही मात्र वेगळी गोष्ट आहे हे लक्षात असू द्या. २५४ ची किरणं सुतं तोडत नाहीत, शेजारशेजारचे थायमिन एकमेकांना चिकटवतात. दुरुस्तीची यंत्रणाही निराळी. त्यातली एक तर साध्या उजेडावर चालते, म्हणून मारा झाल्यानंतर प्लेट अंधारात ठेवायच्या असतात, नाहीतर खिडकीतला उजेडच अर्ध्या जणांना उठवून बसवतो. ठेवल्या होत्या का? यूव्ही सोसणारा तो गॅमा सोसणारा, असं थेट म्हणता येत नाही. प्रबंधात ‘‘किरणोत्सर्ग’’ असा ऐसपैस शब्द लिहिलात तर परीक्षक तिथेच धरतील. अतिनीलच म्हणा.

आता मिथेनॉल. आपल्या यकृतात मिथेनॉलचं फॉर्मल्डिहाइड होतं, त्याचं फॉर्मिक आम्ल, आणि ते साचून डोळे जातात. हा जिवाणूही तीच पहिली पायरी चढतो. फरक पुढे आहे: तो काहीही साचू देत नाही. मिथेनॉल डिहायड्रोजनेज हे विकर पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या आवरणांमधल्या पोकळीत असतं, म्हणजे पहिला घास उंबरठ्यावरच मोडला जातो. फॉर्मल्डिहाइड आत आलं की टेट्राहायड्रोमिथेनोप्टेरिन नावाचा वाहक त्याला पकडतो आणि पुढे ढकलतो. हा वाहक म्हणजे मिथेन बनवणाऱ्या आर्किया मंडळींची (दिसायला जिवाणूंसारख्या, पण वेगळ्या कुळातल्या सूक्ष्मजीवांची) खासगी मालमत्ता, असं १९९८ पर्यंत समजत होते. मग तो मिथायलोबॅक्टेरियम एक्स्टॉर्क्वेन्समध्ये निघाला! शेवटी फॉर्मेट तयार होतं. त्यातलं काही जाळून ऊर्जा काढायची, काही सेरीन चक्रात घालून अंग बांधायचं. एका कार्बनच्या विटांनी अख्खी पेशी उभी करणं सोपं नसतं, म्हणून वाढ सावकाश. दोन दिवसांत कोऱ्या प्लेट फेकणाऱ्यांना हा कधीच भेटत नाही. तुमचा आळस कामी आला.

आणखी एक, खास याच जिवाणूच्या मानाचं. या विकराला एक धातू लागतो. कॅल्शियम लागतं असं सगळे शिकलो, शिकवलं. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की माध्यमात लँथॅनम घातलं की हाच रेडिओटॉलरन्स दुसरंच मिथेनॉल डिहायड्रोजनेज काढतो, आणि त्यात लँथॅनम बसलेलं असतं. तोवर या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा सजीवांना उपयोग शून्य, असंच पुस्तकांत छापलेलं होतं. मग २०१४ मध्ये इटलीतल्या सोल्फाताराच्या ज्वालामुखी चिखलातला एक मिथेनखाऊ जिवाणू असा सापडला की ज्याचं या धातूंवाचून चालतच नाही. मोबाइलच्या आणि चुंबकांच्या कारखान्यात लागणारे हे धातू पानावर बसलेला एक जिवाणू आधीपासून वापरत होता, याची मला अजून मजा वाटते.

मिथेनॉलशिवायच्या प्लेटवर बारीक कॉलनी आल्या त्याची काळजी नको. अगरमध्येच थोडा खाण्याजोगा कार्बन असतो, आणि हे जिवाणू मिथेनॉलशिवायही सक्सिनेटसारख्या गोष्टींवर मजेत जगतात. अगर धुऊन घ्या किंवा पातळ माध्यमात करा आणि गढूळपणा मोजा, फरक दिसेल. मिथेनॉल ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करण्याच्या) आधी घातलं नव्हतं ना? ते ६५ अंशालाच उकळतं, सगळं उडून जातं. माध्यम हाताला सोसेल इतकं निवल्यावर घालायचं. आणि बर्नर लांब ठेवा. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, हात भाजल्यावर कळतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर मला तोच खटकतोय. गुलाबी फक्त २० आणि ३० मिनिटांच्या प्लेटवर आले. ०, ५, १० वर एकही नाही? गर्दीत दबले असतील असं म्हणता येईल. पण १० मिनिटांच्या प्लेटवर ‘‘बरीच कमी’’ कॉलनी होत्या असं तुम्हीच लिहिलंय, तिथे जागा होती. ती प्लेटही सहा दिवस ठेवली होती का? आणि पातळ करायला पाणी कुठलं घेतलं? सगळ्या नळ्यांना एकच?

पेट्रीवाली

काका, आधी मला अहो-जाहो करणं थांबवा, धडकी भरते.

१० मिनिटांची प्लेटही राहिली होती, त्याच ढिगात. आत्ता जाऊन पुन्हा बघितली. पांढऱ्या आणि पिवळसर कॉलनी आहेत. गुलाबी एकही नाही.

आणि पाणी. वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘‘ऑटोक्लेव्ह केलेलं पाणी संपलं. २० आणि ३० साठी कॅनमधलं डिस्टिल्ड वापरलं.’’ खाली तारीख आणि माझी सही. मी हे लिहिलं होतं हेच विसरले होते.

प्लेट अंधारात ठेवल्या नव्हत्या.

जेवण जाणार नाही आज.

शंकेखोर

वहीत लिहून ठेवलं होतंस हीच मोठी गोष्ट आहे. बहुतेक लोक लिहीतच नाहीत, मग कॅन कधीच सापडत नाही.

आणि तू एकटी नाहीस. डिस्टिल्ड आणि डीआयोनाइज्ड पाण्याच्या टाक्या, नळ्या, शॉवरचे पडदे, सगळीकडे ही गुलाबी मंडळी पातळ थर करून राहतात. क्लोरीनलाही फारशी भीक घालत नाहीत. हवेतून तर येतातच. एक्स्टॉर्क्वेन्सचा एएम१ हा वाण, ज्यावर या क्षेत्रातलं निम्मं ज्ञान उभं आहे, तो १९६० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये मिथाइलअमीनच्या माध्यमात हवेतून पडलेलं कंटॅमिनेशनच होता. तिथल्या लोकांनी तो फेकला नाही.

पण उलटी बाजूही आहे. २०१४ मध्ये एका अभ्यासात स्तनाच्या गाठीतल्या ऊतीत याच रेडिओटॉलरन्सचा डीएनए शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा तुलनेनं जास्त सापडला. लगेच त्यावरून तर्क सुरू झाले. त्याच वर्षी सॉल्टर आणि सहकाऱ्यांनी डीएनए काढायच्या तयार किटमध्येच कुणाकुणाचा डीएनए आधीपासून असतो याची यादी दिली. मिथायलोबॅक्टेरियम त्यात आहे. पहिला निष्कर्ष चूकच होता असं मी म्हणत नाही. जिथे नमुन्यात जिवाणू मुळातच थोडे असतात, तिथे पाण्यातला आणि किटमधला पाहुणाच यजमान वाटायला लागतो, एवढंच म्हणतो. तुझ्या ३० मिनिटांच्या प्लेटवर नेमकं तेच झालं: मातीतले सगळे मेले आणि मैदान मोकळं झालं.

दुसरं म्हणजे ती ९९.६ टक्के जुळणी. या प्रजातीत १६ एस फार कमी फरक दाखवतं. फुजिसावाएन्स, ओरायझी आणि रेडिओटॉलरन्स यांचे क्रम इतके जवळ आहेत की त्यावरून नाव ठरवणं म्हणजे आवाजावरून जुळ्या भावांना ओळखणं. ‘‘मिथायलोबॅक्टेरियम, रेडिओटॉलरन्सच्या जवळचा’’ इतकंच लिही. पूर्ण जीनोम काढलास तर पुढचं बोलता येईल. रेडिओटॉलरन्सच्या प्रमाण वाणात एक मोठं गुणसूत्र आणि तब्बल आठ प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरची डीएनएची छोटी वर्तुळं) आहेत, तुझ्यात किती निघतात बघ.

पानवेडा

वनस्पतीवाला आहे, तुमच्या यूव्हीतलं मला कळत नाही. पण हा जिवाणू तुला कॅनशिवाय हवा असेल तर सगळ्यात सोपी जागा म्हणजे कुठल्याही झाडाचं पान.

पान वाढतं तेव्हा पेशींच्या भिंती सैल होतात. भिंतीतल्या पेक्टिनवर मिथाइलच्या टोप्या असतात, त्या एक विकर काढून टाकतं, आणि टोपी निघाली की मिथेनॉल सुटतं. कोवळ्या, वाढत्या पानांत हे जास्त. रात्री पर्णरंध्रं मिटलेली असतात तेव्हा ते आत साचतं, आणि सकाळी रंध्रं उघडली की एकदम बाहेर पडतं. दाराबाहेर हे गुलाबी जिवाणू वाट बघत बसलेलेच असतात. २००५ मध्ये एका गटानं मिथेनॉल वापरता न येणारे वाण आणि साधे वाण एकाच रोपावर एकत्र सोडले. स्पर्धा असताना मिथेनॉल खाता येणारेच वरचढ ठरले. एकेकटे सोडले तर पांगळे वाणही पानावर राहू शकतात, कारण पानावर इतरही खाऊ असतो. मिथेनॉल म्हणजे पोटभर जेवण नव्हे, शर्यतीतली आघाडी.

करून बघ: मिथेनॉल-क्षारांच्या अगरवर बुरशी रोखणारं सायक्लोहेक्झिमाइड घाल (विषारी आहे, हातमोजे), त्यावर ताजं पान अलगद दाबून उचल. पाच-सात दिवसांनी पानाचा आख्खा आकार, शिरांसकट, गुलाबी ठिपक्यांत उमटतो. मी पंधरा वर्षं हे करतोय आणि अजून झाकण उघडताना कुणालातरी हाक मारून दाखवतो.

जाता जाता: अंतराळ स्थानकावरही यांचा एक भाऊबंद सापडलाय. २०२१ मध्ये तिथल्या पृष्ठभागांवरून काढलेल्या वाणांचं नवं जातिनाम जाहीर झालं, मिथायलोबॅक्टेरियम अजमली. भारतीय जैवविविधता शास्त्रज्ञ अजमल खान यांच्यावरून. हैदराबाद विद्यापीठातले लोक त्या कामात होते.

वाचनमात्र

विषय माझा नाही, पण एक विचारू का? हा जिवाणू अणुकचऱ्यात सोडला तर कचरा खाऊन साफ करेल का? आणि चेर्नोबिलमध्ये किरणं खाणारं काहीतरी सापडलं म्हणतात ते?

जुना पिपेट

विचारा की, इथे फी नाही.

कचरा खाऊन साफ, असं कुठलाच जिवाणू करू शकत नाही. किरणोत्सर्ग अणूच्या गाभ्यातून येतो, आणि जिवाणूचा सगळा कारभार गाभ्याबाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी. युरेनियम खाल्लं तरी युरेनियमच राहणार. करता येतं ते इतकंच की पाण्यात विरघळलेलं खाली बसवायचं, म्हणजे गोळा करायला सोपं. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मंडळींनी २००६ मध्ये डायनोकॉकसमध्ये फॉस्फेट सुटं करणारं एक जनुक घालून नेमकं हेच दाखवलं. पातळ द्रावणातलं युरेनियम फॉस्फेट होऊन बसलं. किरणं सोसायची ताकद तिथे कामाची: काम करणारा मजूर कामावरच मरू नये.

चेर्नोबिलचं प्रकरण बुरशीचं. काळ्या, मेलॅनिन असलेल्या बुरशा तिथल्या भिंतींवर वाढतात, आणि २००७ मध्ये प्रयोगशाळेतल्या काही बुरशांची वाढ किरणांत वाढलेली दिसली. त्यावरून ‘‘किरणं खातात’’ हे बातम्यांनी पक्कं करून टाकलं. मेलॅनिन ती ऊर्जा खरोखर अन्नासाठी वापरतं का, ते तेवढ्यानं सिद्ध होत नाही.

खरंच आडमार्गानं किरणांवर जगणारा जिवाणू हवा असेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल जा. तिथे डिसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर नावाचा एकटा जीव खडकाच्या भेगांतल्या पाण्यात राहतो. खडकातल्या युरेनियमच्या किरणांनी पाणी फुटतं, हायड्रोजन सुटतो, तो हायड्रोजन हा वापरतो. २००८ मध्ये त्याचा जीनोम आला. तिथे दुसरं जवळपास कुणीच नव्हतं, सगळा संसार एकट्याचा.

पेट्रीवाली, जेवलीस का? तुझा प्रकल्प बुडालेला नाही. मातीतला नाही निघाला, ठीक. पण कॅनमधल्याची चाचणी तर घेता येईल. एकाच दाटपणाचे दोन थेंब, एक गुलाबीचा, एक ई. कोलायचा, निर्जंतुक काचेवर सुकव. कोरड्या डब्यात ठेव. रोज एक जोडी काढ, पाण्यात (ऑटोक्लेव्ह केलेल्या!) भिजव, प्लेटवर मोज. सोबत नुसत्या पाण्याची कोरी प्लेट. यूव्हीचा आलेखही पुन्हा काढ, यावेळी अंधारात. दोन्ही आलेख शेजारी ठेवलेस तर मॅटिमोर-बॅटिस्टाचाच प्रश्न तू तुझ्या कॅनला विचारलास असं होईल.

पेट्रीवाली

दोन आठवड्यांनी येतेय, हे सांगायला.

आधी कॅन. थेट कॅनमधलं पाणी मिथेनॉल-क्षारांच्या अगरवर पसरवलं: गुलाबी. ऑटोक्लेव्ह केलेलं पाणी: कोरं. कॅनच्या नळाची तोटी उघडून आत कापसाचा बोळा फिरवला तर बोळाच गुलाबी निघाला. लॅबच्या मामांना दाखवला, ते म्हणाले, ‘‘तो रंग असतोच.’’ म्हणजे कित्येक वर्षं सगळे त्याच पाण्यातून प्रकल्प करून पास होऊन गेलेत.

थेंब सुकवले. शून्याव्या दिवशी दोन्हीकडे मोजता येणार नाहीत इतक्या कॉलनी. तिसऱ्या दिवशी ई. कोलायच्या बऱ्याच कमी, गुलाबी जवळपास तशाच. सातव्या दिवशी ई. कोलायच्या प्लेटवर दोन. गुलाबीच्या अजूनही शंभरावर, आणि त्यासुद्धा पाच दिवस वाट बघितल्यावर दिसल्या. एकदाच केलंय, अजून दोनदा करायचंय हे माहितीये, शंकेखोर, लिहू नका. यूव्हीचा आलेख अंधारात पुन्हा काढला. २० मिनिटांना गुलाबी उरले, पण पूर्वीच्या प्लेटवर दिसले त्यापेक्षा कितीतरी कमी. ३० मिनिटांना एकही नाही. म्हणजे आधीच्या त्या ३० मिनिटांच्या कॉलनींनी दिवा कधी बघितलाच नव्हता.

पानही दाबलं, पानवेडा. शिरांसकट उमटलं. मी पण हाक मारून दाखवलं.

गाइड म्हणतात प्रकल्पाचं नाव बदलू, ‘‘डिस्टिल्ड पाण्यातील मिथेनॉलपोषी जिवाणूंची शुष्कता-सहनशीलता’’. आवडलं. फक्त एक भांडण शिल्लक आहे. मामा म्हणतात कॅन आजच ब्लीच घालून धुतो. गाइड म्हणतात हात लावायचा नाही, तो आता नमुना आहे. बाकीच्या मुली म्हणतात आम्हाला पाणी कुठून मिळणार? काय करू?

जुना पिपेट

आधी तोटीवरचा थर खरवडून ग्लिसरॉलमध्ये चार नळ्या भर आणि उणे ऐंशीत टाक. नळ्यांवर तारीख घाल. मग मामांना धुऊ दे, पण तोटी बदलायला सांग, धुऊन हे जात नाहीत. पंधरा दिवसांनी नव्या तोटीतून पाणी घेऊन पुन्हा प्लेट लाव आणि आली का ते इथे लिही.

लॅबमांजर

आणि त्या मधल्या पंधरा दिवसांत कॅनला ‘‘वापरू नका’’ अशी चिठ्ठी लाव. पेन्सिलनं लिही, शाईची अक्षरं पाण्यानं जातात.